सुई हलवायची नाही

आई, तुला रबरी माशांबद्दल लिहायचं आहे. तू असताना हे लिहिलं नाही. तुला लिहिलेलं पत्र आधी देवळाच्या कारकुनाकडे जायचं आणि तो ते तुझ्या टोपलीशेजारी उभा राहून मोठ्याने वाचायचा. हार घ्यायला आलेली माणसं थांबून ऐकायची. तुला ते आवडायचं हे मला माहीत होतं. पण म्हणूनच मी पत्रात प्रकृती बरी आहे, थंडी फार आहे, अभ्यास चालू आहे, एवढंच लिहीत गेलो. जर्मनीतून तुला आलेली माझी सगळी पत्रं एकाच पत्राच्या नकला होत्या. कारकुनाला ती पाठ झाली असतील. आता मधे वाचणारा कोणी नाही. तू जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा मी बराच मोठा आहे. कधी कधी तुझी आठवण येते ती धाकट्या बहिणीची यावी तशी येते.

तुझे हात मात्र धाकटे वाटत नाहीत. सकाळ आहे, देवळाच्या तिसऱ्या पायरीच्या कडेला तू बसली आहेस. पहाटे चारला बाहेर पडून मळ्यातून फुलं आणली आहेस आणि ती ओल्या फडक्याखाली झाकली आहेस. अण्णा मामलेदार कचेरीत जायला निघाले आहेत, खांद्यावरून पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. कचेरीत ते शिपाई होते, पण त्या पगारावर घर चालत नव्हतं. घर तुझ्या टोपलीवर चालायचं. मला कॉलेजात घातलं तेही टोपलीने. तुझ्या उजव्या हातात वीतभर लांबीची सुई आहे आणि ती सुई हलत नाही. झेंडू कोणीही ओवतं, असं तू म्हणायचीस. झेंडूला चुकलं तरी चालतं. निशिगंधाचं तसं नाही. त्याची नळी लांब, मऊ, आणि मधे किंचित वाकलेली. सुई देठाकडून आत गेली पाहिजे आणि तोंडातून बरोबर मधोमध बाहेर आली पाहिजे. जरा कलली की नळीची भिंत फाटते, फूल सुईवर वाकडं बसतं, आणि एक वाकडं बसलं की अख्खा हार पिळा खातो. मी सुट्टीत तुझ्याशेजारी बसून ओवायचो. माझी फुलं फाटायची.

"सुई हलवू नगंस," तू म्हणायचीस. "सुई जाग्यावर. फुलाला चालव."

"दोन्ही एकच की."

"एकच कसं? सुई आत घुसवलीस तर ती तिच्या मनानं जाती. फूल तिच्यावर चढवलंस तर तुज्या मनानं जातं. आन चढवायच्या आदी सुई फुलाच्या बाजूला धरून बघ, भाईर कुठं यील ती. मग दुसऱ्यांदा बघाय लागत न्हाई. येका फुलाला येकच भोक. दुसरं पाडलंस तर ते फूल टाक तिकडं, देवाला घालू नगंस."

एवढंच तुझं शिकवणं. पुढे मी चार-पाच वर्षं मोठमोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली, पण एवढ्या कमी वाक्यांत इतकं पुरेपूर कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

मॅट्रिकच्या वर्षातला तो दिवसही लिहितो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी ओवून झालेला निशिगंधाचा हार हातात घेऊन बसलो होतो. वर्गातला एक मुलगा आपल्या वडिलांबरोबर पायऱ्या चढून येताना दिसला. वडील वकील होते. मी उठलो, टोपलीला वळसा घातला आणि गिऱ्हाईकाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. हार हातात तसाच होता. मुलाने विचारलं, "तू पण हार घ्यायला आलास?" मी हो म्हणालो. तू वर पाहिलंस. फार वेळ नाही.

"घ्या साहेब," तू मला म्हणालीस. "ताजा हाय. कुठल्या देवाला पायजे?"

तोंडाला आलं ते मी म्हणालो, "मारुतीला."

"मारुतीला ह्यो न्हाई चालायचा. मारुतीला रुईचा घ्या. घरी कुनी शिकवलं न्हाई वाटतं."

वकील हसले. मीही हसलो. संध्याकाळी तू पाट मांडलास आणि विचारलंस, "भाकरी वाढू का साहेब? का भाईरनं जेवून आलासा?" अण्णांना वाटलं काही गंमत चालली आहे, ते मलाच दटावू लागले की आईला उत्तर दे. मी खाली मान घालून जेवलो. दुसऱ्या दिवशी तू मला नेहमीसारखी हाक मारलीस, आणि त्या प्रकाराबद्दल आपण दोघं नंतर एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं तू विसरलीस. आता वाटत नाही.

साठच्या दशकातली पहिली वर्षं. अण्णा गेले होते. मी श्टुटगार्टला तांत्रिक विद्यापीठाच्या एका संस्थेत डॉक्टरेटचं काम करत होतो. विषय सांगतो, अवघड नाही. एक कडक प्लास्टिक असतं, त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळून तापवलं की ते मऊ होतं, बोटाने वाकतं, ओढलं तर ताणतं. पण तो तेलकट पदार्थ हळूहळू बाहेर निघून जातो आणि प्लास्टिक पुन्हा कडक होतं. थंड पाण्यात ते किती दिवस मऊ राहतं, आणि जास्त दिवस राहावं म्हणून काय मिसळावं, हे मी तीन वर्षं मोजत होतो. मोजणं प्रयोगशाळेत होतं. पण माझ्या प्रोफेसरांचा नियम होता की शेवटच्या प्रकरणात त्या पदार्थाची खरी वस्तू झाली पाहिजे आणि ती कोणीतरी वापरली पाहिजे. नेकार नदीच्या खोऱ्यात, गाडीने तासाभरावर, एक कारागीर रबरी मासे ओतायचा. खरं म्हणजे ते रबर नव्हतं, माझंच प्लास्टिक होतं. बोटाएवढा मऊ मासा, शेपटी पातळ. त्यात गळ ओवायचा, गळाच्या डोक्याशी शिशाचा गोळा, आणि तंगुसाला, म्हणजे गळाच्या बारीक दोरीला, बांधून पाण्यात ओढायचा. शेपटी हलते, मोठ्या माशाला तो जिवंत वाटतो. आमच्या संस्थेने त्याला माझं मिश्रण दिलं होतं.

माझ्या खोलीत पुण्याचा एक जण होता, यंत्रशास्त्राचा. तो रोज विचारायचा, "आल्झो," म्हणजे तर मग, "आईला काय कळवलंस? मुलगा समुद्रापार जाऊन गांडुळं शिजवतो?"

"प्रकृती बरी आहे असं कळवलं."

"कोणाची? गांडुळाची?"

त्याचे वडील न्यायाधीश होते. माझे कोण, हे त्याने एकदा विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, सरकारी नोकरीत होते. ते खरं होतं. खरं बोलून लपवण्याची कला मला चांगली साधली होती.

ती सर्वांत जास्त उपयोगी पडली टायपिस्ट बाईंसमोर. त्या काळी जर्मन प्रबंधाच्या शेवटच्या पानावर लेबेन्सलाऊफ छापायची रीत होती, म्हणजे लिहिणाऱ्याची जीवनकहाणी, अर्ध्या पानाची. तिची सुरुवात ठरलेली. मी अमुक गावी, अमुक धंदा करणाऱ्या वडिलांचा आणि त्यांच्या पत्नीचा मुलगा म्हणून जन्मलो. डॉक्टर होणारा माणूस कोणाच्या घरातून आला हे छापल्याशिवाय पुस्तक पुरं होत नसे. संस्थेतल्या टायपिस्ट बाई यंत्रात कागद घालून बसल्या होत्या. "वडील?" मी म्हणालो, सरकारी नोकर. त्यांनी बेआम्टर टाइप केलं. बेआम्टर म्हणजे अधिकारी, खुर्चीवरचा माणूस. मी दुरुस्त केलं नाही. "आणि आई?" मी म्हणालो, "घरीच असते." त्यांनी हाऊसफ्राऊ टाइप केलं, गृहिणी, आणि कागद बाहेर काढला. रोज पहाटे चारला घराबाहेर पडणारी तू जर्मन भाषेत घरी बसलीस.

एप्रिलमध्ये कारागिराचा फोन आला. माल वाईट आहे. मासे पाण्यात सरळ पोहत नाहीत, स्वतःभोवती गरागरा फिरतात; त्यामुळे तंगूस पिळून गाठी पडतात आणि एकही मासा जवळ येत नाही. शिवाय दहातले चार नाकाशी फाटतात. प्रोफेसरांनी मला बोलावलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "प्रकरण उभं राहिलं नाही तर मी प्रबंध स्वीकारू शकणार नाही. प्रयोगांची सगळी मालिका पुन्हा करावी लागेल. एक वर्ष." माझी शिष्यवृत्ती सप्टेंबरला संपत होती आणि वाढणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणजे मी पदवीशिवाय परत येणार होतो. देवळाचा कारकून काय वाचून दाखवेल, हे माझ्या मनात आलं.

आम्ही तिघे गेलो. प्रोफेसर, त्यांचे सहायक आणि मी. गाडीत सहायक शांतपणे सांगत होते की तेलाचं प्रमाण जास्त झालं आहे, माल अति मऊ आहे, त्यांना सुरुवातीपासून शंका होती. कारखाना म्हणजे जुन्या पाणचक्कीच्या शेजारची लांब खोली. कारागीर साठीचा, जाड बोटांचा. सगळे त्याला माइस्टर म्हणत. जर्मनीत माइस्टर ही नुसती हाक नाही. अनेक वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढून, परीक्षा देऊन, मिळवायची पदवी आहे ती. मधे टेबल, टेबलाभोवती सहा बायका, समोर मऊ माशांचे आणि गळांचे डबे. भिंतीला लागून लाकडी पन्हळ होती, तिच्यातून चक्कीचं पाणी वाहत होतं. माइस्टरने आमच्यासमोर एक मासा दोऱ्याला बांधला आणि प्रवाहाविरुद्ध ओढला. तो भिरभिरला. दुसराही. तिसरा पन्हळीतच फाटला आणि शेपूट वाहून गेली.

"हे तुमचं प्लास्टिक," माइस्टर म्हणाला.

"अति मऊ," सहायक म्हणाले.

प्रोफेसर माझ्याकडे पाहत होते. मी माशाकडे पाहत नव्हतो. मी टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईचे हात पाहत होतो. ती डाव्या हातात मासा घट्ट धरायची आणि उजव्या हाताने गळ त्याच्या नाकातून आत ढकलायची. गळ त्याच्या मनाने जायचा. बाहेर यायचा तो कधी पाठीच्या डावीकडे, कधी उजवीकडे. वाकडा आला की ती मागे ओढायची आणि शेजारी दुसरं भोक पाडायची. कधी तिसरं. मासा गळावर सुरकुत्या पडून बसायचा, एका बाजूला फुगलेला. वाकडा बसलेला मासा पाण्यात फिरणारच, आणि तीन भोकांचं नाक फाटणारच. आई, मला ते समजायला क्षणही लागला नाही. तीन वर्षं मोजत होतो त्यातलं काही आठवलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की हे फूल टाकून द्यायला हवं होतं.

मी म्हणालो, मला बसू द्या. एक बाई उठली. सहायकांनी घड्याळ पाहिलं. मी गळ उचलला, आणि पहिल्याच खेपेला तो माझ्या अंगठ्यात गेला. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. सुईला नसतो. मागे ओढला तर तो अधिक रुततो. शेजारच्या बाईने माझा हात आपल्या मांडीवर ओढला, गळाला दोऱ्याचा फास टाकला, मला खिडकीबाहेर पाहायला सांगितलं आणि एका हिसक्यात काढला.

"हेर डॉक्टर," ती म्हणाली, म्हणजे डॉक्टरसाहेब, "मासा तो आहे. तुम्ही नाही."

"अजून डॉक्टर नाही," सहायक म्हणाले.

"या वेगाने होणारही नाहीत," ती म्हणाली. बायका हसल्या. मलाही हसू आलं, आणि त्याने बरं झालं. हात सैल झाले. अंगठ्याला फडकं बांधलं. मग मी गळ माशाच्या बाजूला धरला. माशाच्या नाकाशी गळाचं डोकं लावलं, गळाचा बाक जिथे संपत होता तिथे माशाच्या पाठीवर नखाने खूण केली. गळाचं टोक पाण्यात बुडवलं. उजवा हात टेबलावर टेकवला आणि तिथून हलवला नाही. डाव्या हाताने मासा उचलून नाकाच्या मधोमध टोकावर ठेवला आणि त्याला चालवला. तो गळावर चढत गेला, थोडा थोडा, चुण्या पडल्या तशा मागच्या बोटाने सोडवत. खूण टोकाशी आली तेव्हा पाठ जराशी दाबली. टोक बाहेर आलं. एकच भोक. मासा गळावर असा बसला की गळ आहे हे दिसू नये.

दुसरा केला. तिसरा. असे दहा केले. मग माइस्टरने ते दहा एकेक करून पन्हळीत ओढले. ते सरळ गेले. शेपूट दोन्ही बाजूंना सारखी हलत होती. त्याने एक मासा दोन्ही हातांनी ताणून पाहिला, नाक फाटलं नाही. तेच प्लास्टिक, त्याच डब्यातलं.

"गेनाऊ," माइस्टर स्वतःशीच म्हणाला. म्हणजे, असंच. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "कोणाकडे शिकलात?"

इकडे कारागीर असंच विचारतात. कुठे शिकलात नाही, कोणाकडे. प्रोफेसर उभे होते, सहायक उभे होते, सहा बायका मान वर करून बसल्या होत्या. प्रयोगशाळेत, हे उत्तर जिभेवर होतं. सवयीने येतं, असंही म्हणता आलं असतं. मला वकिलांचा मुलगा आठवला, तुझी ती थोडा वेळ वर आलेली नजर आठवली. आणि हेही वाटलं की इथे टोपलीला वळसा घालायला जागाच नाही.

"माझ्या आईकडे," मी म्हणालो.

"ती गळ बांधते?"

"फुलं ओवते. निशिगंधाची, लांब मऊ नळीची. देवळाच्या पायरीवर बसून. हार करते, विकते."

मी वाट पाहिली. कोणी हसलं नाही. माइस्टरने मान डोलावली, जणू अपेक्षित उत्तर मिळालं होतं.

"मऊ वस्तू," तो म्हणाला. "बरोबर आहे. किती वर्षं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"हाताखाली कोणी?"

"तिघी शिकून गेल्या. एकीची स्वतःची टोपली आहे."

"म्हणजे माइस्टरिन," तो म्हणाला. माइस्टरिन म्हणजे बाई माइस्टर. तो विचारत नव्हता, ठरवत होता. मी जा म्हणालो. जा म्हणजे जर्मनमध्ये हो. प्रोफेसरांनी खिशातून वही काढली आणि काही लिहिलं. काय ते मला कधी कळलं नाही. परतीच्या गाडीत त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला. निशिगंधाचं लॅटिन नाव काय? मला येत नव्हतं. आठवडाभराने त्यांनीच शोधून सांगितलं.

पुढचे तीन शनिवार मी त्या टेबलाशी जाऊन बसलो. बायकांना तुझी तीन वाक्यं सांगितली, जर्मनमध्ये. आधी बाहेर कुठे येणार ते पाहा. गळ हलवू नका, माशाला चालवा. एका माशाला एकच भोक. अंगठ्यातला गळ काढणारी बाई सर्वांत लवकर शिकली आणि मग माझ्याच चुका काढू लागली. "तुमच्या आईने हे पास केलं असतं?" ती विचारायची, आणि माझा मासा उजेडाला धरायची. "नाही," मी म्हणायचो. "मग पुन्हा." त्या बायकांनी त्या पद्धतीला नाव दिलं, मुटरग्रिफ. आईची पकड. प्रकरण उभं राहिलं. सहायकांनी त्यातल्या एका आकृतीचं कौतुकही केलं, जी माझी नव्हती. टेबलाच्या टोकाच्या बाईने काढलेली होती, दोन हात आणि एक मासा.

मग मी टायपिस्ट बाईंकडे गेलो आणि लेबेन्सलाऊफ पुन्हा टाइप करायची विनंती केली.

"तुम्हीच हाऊसफ्राऊ सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"चुकलं."

"आई काय करते हे माणूस चुकतो?"

"मी चुकलो."

त्यांनी नवा कागद घातला. पुष्पमाला बांधणारी माइस्टरिन, असं मी सांगितलं. त्यांनी बोटं उचलली. "परीक्षा कुठली?" मी म्हणालो, आमच्याकडे या कामाला परीक्षा नाही. "मग माइस्टरिन कशी लिहू?" मी म्हणालो, एका माइस्टरने तिचं काम पाहून म्हटलं आहे. हे अगदी खरं नव्हतं, त्याने माझं काम पाहिलं होतं. पण बाईंना ते पटलं. त्यांनी टाइप केलं. मग वडिलांच्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तेही. शिपाई लिहा. "तुम्ही जरा आधी का नाही आलात," त्या म्हणाल्या, "मी दोनदा टाइप केलं नसतं."

प्रबंध छापला गेला. शेवटचं पान मी आजही अधूनमधून उघडतो. आधीच्या सगळ्या पानांवरचं पुढे इतरांनी सुधारलं, काही खोटं ठरवलं. ते तसंच व्हायला हवं. त्या पानावरची पहिली ओळ तशीच आहे. तिच्यात तू अण्णांच्या शेजारी उभी आहेस, तुझ्या धंद्यासकट, आणि तुझी पदवी माझ्या पदवीच्या आधी येते. जर्मनीतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत प्रबंधाच्या प्रती आहेत. बॉनला एकदा कामानिमित्त गेलो होतो तेव्हा तिथली प्रत मागवून घेतली आणि मागून उघडली. ग्रंथपाल बाईंना वाटलं मी पुस्तक उलटं धरलं आहे.

तुला मी कळवलं ते असं. पदवी मिळाली. प्रकृती बरी आहे. कारकुनाने ते वाचलं आणि तू त्या दिवशी देवाला फुकट हार घातलास, असं त्यानेच मला नंतर लिहिलं. पुढच्याच हिवाळ्यात तू गेलीस. मी पोचलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. तुझ्या टोपलीवर तुझी शेवटची शिष्या बसत होती. मी तिच्याशेजारी थोडा वेळ बसलो. ओवणार का, असं तिने विचारलं नाही आणि मीही सुई मागितली नाही.

मी इकडे जर्मनीतच राहिलो. नोकरी प्लास्टिकमध्येच केली. आता श्टुटगार्टशेजारच्या गेर्लिंगेनच्या जवळ राहतो. माइस्टर गेल्यावर त्याच्या मुलीने कारखाना चालवला, तेव्हा एकदा मुलाला घेऊन तिथे गेलो होतो. माझ्या मुलाला मराठी समजतं, उत्तर तो जर्मनमध्ये देतो. टेबलाशी सगळ्या नव्या बायका होत्या. एक जण अजून नवीन असलेल्या दुसरीला सांगत होती, "नाइन, असं नाही, मुटरग्रिफ," आणि तिचा उजवा हात टेबलावर टेकवून दाबून धरत होती. मुलाने मला विचारलं, कोणाची मुटर? मी म्हणालो, माझी. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. मी त्याला गाडीत सगळं सांगितलं, तुझ्या बोलीत, जसं तू म्हणायचीस तसं. त्याने तुझी वाक्यं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. मला माझ्या पदवीचा अभिमान वाटतो तो रीतसर वाटतो, माणसं विचारतात तेव्हा. त्या बाईचा टेकवलेला हात पाहून वाटला तसा मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

हे पत्र मी कोणाकडूनही वाचून घेणार नाही, आणि टाकायला पेटी नाही. म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. वर मी जे सांगितलं त्याचा क्रम तू नीट पाहिला असशील; तुझ्या नजरेतून वाकडं सुटत नसे. दहा मासे सरळ गेले, मग मी तुझं नाव घेतलं. एक जरी फिरला असता तरी घेतलं नसतं.